धुऱ्यालगतची टिटवी

वाटणी झाल्यापासून माझे चुलत दीर आणि आम्ही कामापुरतंच बोलत होतो. सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना आमची वावरं लागून आहेत, मधे फक्त एक धुरा, म्हणजे हद्दीचा बांध. त्यांचा संत्र्याचा बगीचा, आमची कपाशी. उन्हाळ्यात आमचं वावर मोकळं असतं, आणि अशा मोकळ्या दिवसांतच धुरे सरकतात, हे सासरी आल्यावर मला लवकरच कळलं होतं.

म्हणून भाऊजी दुपारचे धुरा ओलांडून आमच्या बाजूला येऊ लागले, तेव्हा मला तीच शंका आली. मी विहिरीजवळच्या कडुलिंबाखालून पाहायची. ते वाकत, काहीतरी करत, इकडेतिकडे नजर टाकत आणि उलटपावली मागे सरकत. मी घरी यांना सांगितलं.

"दगड हालवत असन," हे म्हणाले. "लक्ष ठेव."

एकदा ते गेल्यावर मी तिकडे गेले, तर टिटवी किंचाळत डोक्यावर आली. मागोमाग दुसरी. मी पदर डोक्यावर ओढून थांबले. पायापुढे खड्यांच्या गोलात चार अंडी होती, मातीच्या रंगाची, काळ्या डागांची. काडी नाही, गवत नाही. थोड्या अंतरावर मातीत पुरलेलं एक पसरट घमेलं, पाण्यानं भरलेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच.

"भाऊजी, आमच्या वावरात काय करून राहिले?"

"हळू बोला वहिनी. बसली हाय."

"आन घमेलं कायले?"

"पाहा ना."

थोड्या वेळानं एक टिटवी घमेल्यात उतरली, पोट भिजवलं आणि ओल्या पोटानं जाऊन अंड्यांवर बसली. भाऊजी म्हणाले, "ऊन लागते अंड्यायले." मग विचारलं, "नांगरणीच्या वक्ती येवढा तुकडा सोडसान का?"

तुकडा नेमका धुऱ्याला लागून! यंदा पडीक ठेवायचा आणि पुढच्या साली तो भाऊजींच्या बगीच्यात. मी हो म्हटलं, पण त्यांची पाठ वळताच मोबाईलवर धुऱ्याच्या दगडांचे फोटो काढून घेतले.

मग मीही रोज जाऊ लागले. पहारा भाऊजींवर होता, पण डोळे टिटवीकडे जायचे. तिचा तर माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. मी दिसले की अंड्यांपासून दूर कुठंतरी जाऊन ती अशी फुगून बसायची, की घरटं तिथंच आहे असं वाटावं.

एका सकाळी भाऊजी तरातरा माझ्याकडे आले.

"वहिनी, एक अंडं कमी हाय."

"मंग मले काहून सांगता?"

"सकाळपासून तुमीच होत्या इकडं."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यानंतर ते संत्र्याखालून माझ्यावर नजर ठेवत, मी कडुलिंबाखालून त्यांच्यावर.

असंच चाललं असताना एका दुपारी टिटव्यांनी आकांत मांडला. धुऱ्यावरच्या झुडपातून मुंगूस निघून सरळ अंड्यांकडे चाललं होतं. मी एका बाजूनं धावले, भाऊजी दुसऱ्या. त्यांनी ढेकूळ भिरकावलं, तसं ते पळालं.

"हा होता तं," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"तुमाले कोण वाटून राहिलं होतं?"

"आन तुमाले मी इथं कायले येतो वाटून राहिलं होतं?"

मी वाकून अंडी मोजू लागले, तेही मोजू लागले.

उरलेल्या तिन्ही अंड्यांतून पिलं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, पण पाय लांबलचक. अंग सुकत नाही तोच ती पळू लागली. आईनं एक हाक दिली की जमिनीला चिकटून अशी नाहीशी होत, की पाऊल उचलायलाही आम्हाला भीती वाटे. पुढं ती धुरा ओलांडून भाऊजींच्या बगीच्यातून नाल्याकडे गेली. आम्ही तो तुकडाही नांगरून घेतला.

पावसाळ्यात एका संध्याकाळी भाऊजी घरी आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच. "पिलं उडून राहिले वहिनी," एवढंच बोलले, चहा घेतला आणि गेले.

हे दारात उभं राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. "येवढंच सांगाले आला?"

"हो."

"आणखी काई बोलला नाई?"

"नाई."

"उद्या वावरात चक्कर मारून ये."

मी जाणारच होते. पिलं उडताना मला अजून दिसली नव्हती.