नामाची पेटी आणि माझा तक्ता

फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. सवयीने मी वेळ कॅलेंडरवर लिहिली, आणि लिहिलेले पाहून खाली बसले. सालेकशाजवळच्या आपल्या घरी माझा धाकटा भाऊ नामदेव झोपेतच गेला होता... नातवंडांनो, तुमच्या या मामाआजोबांना तुम्ही दोनदाच भेटलात. म्हणून एका दुपारची गोष्ट लिहून ठेवते. सहा वर्षे ती दुपार माझ्या मनावर बसून होती.

नामा आपल्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचा. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून, नटाच्या पावलांकडे बघत. पुढे कंपन्यांनी विजेवरची वाद्ये आणली आणि त्याला बोलावणे येईनासे झाले. २००४ च्या हिवाळ्यात, मी जिथे इंग्रजी शिकवायचे त्या गोंदियातल्या कॉलेजला एका जुन्या सिनेमाची रिळे मिळाली. नावाड्याची गोष्ट. आमच्या भागात तंबूतल्या टॉकीजमध्ये तो इतक्यांदा लागला होता की लोकांना संवाद पाठ होते. पण रिळांतला आवाज पार गेला होता. पडद्यापुढे बसून कोणीतरी नवे संगीत वाजवावे असे ठरले. मी नामाचे नाव दिले.

"तीन वर्षं झाली, बाई, लोकायसमोर बसलो नाही," तो म्हणाला. "कायले माझं हसं करून राहिली?" मी हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाला, "वाजवतो. पन चुकलो तं पेटी कायमची बंद. मंग बोलू नको."

त्या शब्दांची मला धास्ती बसली. मी तक्ता केला: प्रसंग, मिनिट, सेकंद, चाल. त्याने तो वाचला. "मास्तरीन, नट का घड्याळ पाहून मरते?" तरी घडी करून खिशात ठेवला. प्रसंग बदलला की मी पहिल्या रांगेतून टॉर्च दाखवायची, असे ठरले.

भर दुपारी, खिडक्यांना काळे कापड लावून, सभागृह गच्च भरले. संवाद लोकच म्हणत होते, मध्ये मध्ये त्याचे सूर. माझे लक्ष घड्याळावर. वरातीच्या नावेचे गाणे आले. त्याने ते असे वाजवले की मागून आरोळी उठली, "वन्स मोर!"

झाडीपट्टीत वन्स मोर मिळाला की वाजवणाऱ्याने प्रेक्षकांकडे वळून हात जोडायचे आणि गाणे पुन्हा घ्यायचे. नट तोवर जागेवर थांबतो. नामा वळला, हात जोडले, आमच्याकडे तोंड ठेवूनच गाणे पुन्हा सुरू केले. मागे पडद्यावर नाव उलटली होती. नवरी काठावर धावत होती, आणि वरातीचे गाणे रंगात आले होते. मी टॉर्च दाखवली. एकदा, तीनदा. त्याचे डोळे मिटलेले. मी उठून त्याच्या तोंडावरच उजेड धरला. त्याने वळून पडदा पाहिला आणि हात थांबले.

मागे कोणीतरी हसले. मला वाटले, संपले... भाता तेवढा हलत होता. मग त्याने तेच गाणे घेतले, एका बोटाने, अगदी सावकाश, आणि शेवटच्या सुरापाशी येऊन तो सूर वाजवलाच नाही. पुन्हा घेतले, पुन्हा सोडले. काठावरची ती बाई पाण्याकडे बघत राहिली. पाठ असलेला संवाद त्या वेळी कोणीही म्हटला नाही.

टाळ्या खूप वाजल्या. बाहेर येऊन तो इतकेच म्हणाला, "चुकलो, बाई. तो सिनेमा थांबतच नाही."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्याच्याकडे गेले, पेटीवर चादर टाकलेली असे. विचारायचा धीर कधी झाला नाही. बोलायचे नाही, असे ठरले होते ना.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने, सुमित्राने, पेटी माझ्यापुढे ठेवली. मी झाकण उघडले. सैल झालेल्या एका पट्टीखाली कागदाची घडी खुपसलेली होती, ती पट्टी खाली बसू नये म्हणून. माझा तक्ता. घडीच्या कडा झिजून कापसासारख्या झालेल्या, वर बोटांचा काळा मळ.

"हे कधीचं?" मी विचारले.

"रोज सकाळी वाजवत, बाईजी," सुमित्रा म्हणाली. "तुम्ही येऊन राहिल्या म्हटलं का चादर टाकत. म्हणत, मास्तरीन ऐकंल तं पुन्हा घड्याळ घेऊन बसंल."

पेटी आता फुलचूरला माझ्या खोलीत आहे. घडी मी काढलेली नाही.