न मारलेली हाक

मामा गेल्याचं मला नगरच्या एसटी स्टँडवर कळलं. सुट्टी लागली म्हणून मी त्यांच्याकडेच निघाले होते. त्यांच्या हाताखालचे एक हवालदार फलाटावर दिसले, आणि त्यांनी मला पाहताच डोक्यावरची टोपी काढली. ''ताई, साहेब... सकाळी...'' एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातली बॅग त्यांनी घेतली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. गाडीत आम्ही दोघं शेजारी बसलो आणि पूर्ण वाटेत एक शब्द बोललो नाही. मला तसंही फारसं बोलता येत नाही. मामा मला नेहमी चिडवायचे, ''आमच्या कॉन्व्हेंटच्या बाईंना बोलायचं तर आधी अर्ज करावा लागतो.''

मामा फौजदार होते. नेवाशाकडच्या एका बाजारगावी त्यांची नेमणूक असताना ती घटना घडली. ऊसतोडणीचे दिवस होते. भर बाजारात एका मुकादमानं तोडणीला आलेल्या एका बाईचा हात धरला, आणि तिच्या नवऱ्यानं कोयता उपसला. मुकादमाच्या खांद्यावर वार बसला. सोडवायला गेलेल्या माणसाचा हात तुटता तुटता वाचला. मग तो नवरा समोर येईल त्याच्यावर धावू लागला. मामा पोचले तेव्हा माणसं वाट फुटेल तिकडे पळत होती आणि एक म्हातारी भाजीवाली पाटीवर पडली होती. मामा तिच्या पुढे उभे राहिले. ''टाक खाली!'' म्हणून दोनदा ओरडले. तो चार पावलांवर आला तेव्हा त्यांनी गोळी झाडली. ती छातीत लागली आणि तो जागीच गेला.

चौकशी झाली. भाजीवालीनंच साक्ष दिली, आणि मामा निर्दोष ठरले. पण नगरला माझ्या वर्गातल्या मुली, एक शिक्षिकासुद्धा, मला एकच विचारायच्या : पायावर का नाही मारली? पुढच्या सुट्टीत मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते, तेव्हा मी धीर करून तोच प्रश्न विचारला. त्यांना राग आला नाही. एक शेंग माझ्या हातात देऊन ते म्हणाले, ''हा कोयता. जा त्या पेरूपाशी. तिथून माझ्या अंगावर पळत ये.''

मामी दारातून ओरडल्या, ''अहो, लग्नाला आली पोरगी, तिला अंगणात पळवता काय घोडीसारखी!''

मी लाजत लाजत पळाले. मामांनी बोट रोखून माझ्या गुडघ्याचा नेम धरला, बोट वर गेलं, खाली आलं, आणि तेवढ्यात माझी शेंग त्यांच्या खांद्याला टेकली होती. ''बघ,'' ते म्हणाले. ''पाय एका जागी राहत नाही. आणि आपला हात कापत असतो, ते कुणी सांगत नाही. चुकलेली गोळी जमिनीत जिरत नाही, मागं बाजार असतो. पायाला लागली तरी पळता माणूस लगेच पडेल असंही नाही. म्हणून आम्हाला छाती शिकवतात. मारायला नाही गं... थांबवायला.'' मग पुन्हा शेंगा फोडू लागले. मला ते पटलं. आजही पटतं.

वर्षभरानं ते म्हणाले, ''पाथर्डीकडं जायचंय. त्याच्या आईला भेटायचंय. तू चल, तुला बोलायची सवय नाही, ते बरं.'' मामींनी खूप विरोध केला. आम्ही गेलो. मामा साध्या सदऱ्यात होते, तरी म्हातारीनं ओळखलं. मामांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग ती म्हणाली, ''त्याला नावानं हाक मारली व्हती का, सायेब?''

''नाव माहीत नव्हतं, माय.''

''लहानपनापासनं तसाच. राग आला की त्याला काय दिसत नसं. पर भिमा म्हनलं की थांबायचा. बैल थांबतो तसा.'' तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिनं आम्हाला गुळाचा चहासुद्धा दिला. परतताना गाडीत मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ''दोन महिने तो माझ्या हद्दीत होता. मुकादमाला विचारलं तर सांगायचा, इतके कोयते आलेत; टोळी कोयत्यांवरच मोजतात. माणसं किती, त्यांची नावं काय, मी कधी विचारलंच नाही.''

त्यानंतर ते विचारू लागले. बाजारात, तोडणीच्या टोळीत, दुष्काळी कामांवर... नाव काय, गाव कुठलं. माणसं घाबरायची. ''सायेब, म्या काय केलंय?'' ''काही केलं नाहीस, म्हणून तर विचारतोय!'' हळूहळू लोक हसून आपणहून नाव सांगू लागले. आणि त्यांच्या ते लक्षात राहायचं.

मागच्या उन्हाळ्यात खडीच्या कामावर एका मजुराची कारकुनाशी बाचाबाची झाली आणि त्यानं पहार उचलली. मामा लांबून धावले. त्यांचा हात कमरेला गेला होता, पण तोंडातून आधी नाव आलं. ''दगडू! अरे दगडू, ठेव ती खाली!'' आणि दगडू थांबला. पहार टाकून तो तिथंच रडायला लागला. हवालदार हे सांगत घरी आले, मामींनी देवापुढे साखर ठेवली. मामा मात्र ताटावरून उठून ओसरीवर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. ''थांबला गं तो,'' ते म्हणाले. ''म्हणजे... तोही थांबला असता.''

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. दगडू लांब होता, मामा. बाजारातला तो चार पावलांवर होता. मागे ती भाजीवाली होती. दगडूनं अजून कुणाला मारलं नव्हतं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले.

आता त्यांना जाऊन दीड महिना झाला. पोलीस ठाण्याचा माणूस येऊन त्यांचं पिस्तूल, पट्टा घेऊन गेला. ओसरीवरची बाज मामींनी हलवू दिली नाही. संध्याकाळी मी तिच्या पायथ्याशी बसते आणि मनातल्या मनात तोच वाद पुन्हा घालते. अंतर सांगते, गर्दी सांगते, त्या भाजीवालीचं सांगते. माझं सगळं बरोबर असतं. मामा मान्य करतात. आणि मग हळूच विचारतात, ''पण 'भिमा' म्हणायला किती वेळ लागतो गं?''