कोरडी गाठ

गणेशगुडीतल्या पंक्चरवाल्याच्या खिशात चुन्याच्या दोन डब्या असतात. एकीत चुना, दुसरीत जिवंत अळ्या. आजवर त्याची गफलत झालेली नाही, असं तो सांगतो.

शाळेला सुट्टी असली की आम्ही दोघं काळी नदीवर मृगळ धरायला बसतो. अळी तो गळात कधीच खुपसत नाही. गळाला बोटभर दोरा बांधतो, त्यात सुईनं चार अळ्या ओवतो आणि गळ उघडाच ठेवतो. “मासा वळवळ बघून असा आ करतोय मास्तर, गळ आपसूक आत,” म्हणताना स्वतःच आ करून दाखवतो.

गेल्या वर्षी एकदा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, गळ बांधताना शेवटची गाठ घालून त्यानं ती आवळायला माझ्या हातात दिली. “थुंकी लावून आवळा. कोरडा आवळला तर तंगूस तापून कच्चा हुतोय.” त्या दिवशी माझा सोमवारचा उपास. अळ्या हाताळलेल्या हातचा तंगूस तोंडात कसा घालायचा? मी गाठ कोरडीच आवळली. हाताएवढा मृगळ लागला आणि गाठीपाशीच तोडून गेला.

“माझाच हात गेला आता,” तो म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं तंगुसाला गळ बांधणंच सोडलं, बाजारातून बांधलेले आणू लागला. आणि मी वर्षभर गप्प बसलो. काल त्याच्या दुकानात मात्र राहवेना, सगळं सांगून टाकलं.

तो ट्यूब घासायचा थांबला. “उपास हुता व्हय? अवो, म्होरं एवढी नदी हुती की! पाण्यात बुडवायची!”

हसत हसतच त्यानं पुढ्यातली ट्यूब बाजूला सारली आणि खोक्यातून तंगूस काढला. मी मदतीला हात पुढे केला.

“तुमी जरा लांब बसा,” तो म्हणाला.