मुर्रीतला रोवणा आणि अफूची गोळी

“मंग तूच सांभाळ ना त्याले!” असं म्हणून सोनाबाईने नातू माझ्या मांडीवर ठेवला, लुगडं खोचलं आणि सुनेला घेऊन शेताकडे चालू लागली. मी “अहो, थांबा” म्हणेपर्यंत दोघी गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या.

ही इंग्रजांच्या राज्याच्या अखेरच्या काळातली गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी तिथे हेल्थ व्हिजिटर होते. हेल्थ व्हिजिटर म्हणजे दवाखान्यात न बसता घरोघर जाऊन ‘बाळाला कसं वाढवायचं’ ते आयांना सांगणारी नर्स. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मला हे काम फार आवडायचं.

गोंदियाजवळच्या मुर्री गावात मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, पडवीत माझं सेंटर होतं. एक वजनकाटा, एक बाक, दोन झोळ्या आणि भिंतीवर गुटगुटीत विलायती बाळाचं चित्र. ते बघून बायका म्हणायच्या, “याची माय रोवण्याले जात नसंल.”

रोवणा म्हणजे धानाची लावणी. पाऊस नीट बसला की धडधाकट माणूस घरात सापडत नाही. म्हाताऱ्यासुद्धा कमरेत वाकून चिखलात उभ्या. मग तान्ह्या पोरांचं काय करायचं? तर सकाळी अफूची बारीकशी गोळी चाटवायची. अफू तेव्हा दुकानात उघड मिळे. पोर संध्याकाळपर्यंत गपगार.

सोनाबाईचा नातू कचरू असाच दिवसभर गुंगीत असायचा. झोपलेलं पोर अंगावर पीत नाही, आणि न पिणारं पोर वाढत नाही. दर वेळी काट्यावर तो आधीपेक्षा हलका भरत होता. एकदा त्याचे ओठ निळसर दिसले. हा रोवणा संपेपर्यंत हे लेकरू राहतं की जातं, अशी मला भीती होती. म्हणून त्या सकाळी मी सोनाबाईला चांगलं लांबलचक लेक्चर दिलं.

तिने ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “तू सांगून राहिली, अफू देऊ नको. बरं, नाई देत. मंग याले धरंल कोन? मी बसली त् माहा रोवणा का तू करशील?”

“कोणीतरी सांभाळायलाच हवं,” मी पुस्तकातलं सांगितलं. म्हणून पोर माझ्या मांडीवर आलं.

मी त्याला घेऊन गोंदियाच्या डिस्पेन्सरीत गेले. आमचे डॉक्टरसाहेब भला माणूस, पण सरकारी ग्रँटच्या बाहेर एक पाऊल टाकायचे नाहीत.

“गोळी एकदम तोडू नका, पोराला त्रास होईल. मी सांगतो तशी कमी करत न्या,” ते म्हणाले. “पण बाई, तुम्ही हेल्थ व्हिजिटर आहात. मुलं सांभाळणारी आया नाही.”

“मग एक आया द्या, साहेब.”

“ग्रँट नाही.”

“मग तोवर मीच.”

गावात बातमीला पाय लागतात. दुसऱ्या सकाळी पडवीपुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या कडेवर एकेक ऐवज. “कचरूले ठेवून राहिली, मंग माह्या पोट्टीले काऊन नाई?” मी अट घातली, घरून गोळी चाटवायची नाही, डॉक्टरांनी सांगितलेली कमी मात्रा मीच देईन, आणि दुपारी येऊन पाजून जायचं. सगळ्या ‘हो’ म्हणाल्या आणि पोरं टाकून पळाल्या.

अफू कमी होत गेली तसा कचरू जागा झाला, आणि जागा झाला तसा बोंबलायला लागला. इतका, की मालगुजारांची म्हैस पान्हा चोरू लागली. त्याचं बघून बाकीची सूर धरत. एक निजवावं तर दुसरं उठे.

अशा भर मैफलीत नागपूरहून आमच्या लेडी सुपरिंटेंडेंट इन्स्पेक्शनला आल्या. कडक इस्त्रीचं पातळ, चष्मा, आणि चेहऱ्यावर कायदा.

“या आठवड्यात होम व्हिजिट्स किती केल्या?”

“एकही नाही, मॅडम. घरात कोणी नसतंच. अफूची गोळी सोडवतेय, म्हणून मुलं इथे आहेत.”

“हे काही आपलं काम नव्हे. आपलं काम एज्युकेशन. मुलं ठेवा आणि राउंडला निघा.”

“कुणाजवळ ठेवू?”

“मी आहे ना इथे थोडा वेळ.”

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कचरूला अलगद त्या इस्त्रीवर ठेवलं, छत्री उचलली आणि निघाले. गावात चिटपाखरू नव्हतं. तरी हुकूम म्हणजे हुकूम. एकेका बंद दारापुढे थांबत, अगदी सावकाश, मी सगळं गाव फिरले.

दुपारी बायका पाजायला आल्या, सुनेसोबत सोनाबाईही होती; त्यांच्याबरोबरच मी परतले. मॅडमचा अंबाडा सुटला होता. एका हाताने झोळी हलत होती, मांडीवर कचरू किंचाळत होता आणि चष्मा एका पोरीच्या मुठीत होता. आम्हाला बघताच त्यांनी चष्मा सोडवून घेतला. मग सोनाबाईकडे वळून, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“आजी, ती गोळी कितीशी देता हो?”

सोनाबाई पोट धरून हसली. “पाह्य, आता समजलं तुले!”

कचरूच्या आईने, फुलवंताने, चिखलाचे हात धुऊन त्याला पदराखाली घेतलं. तो आवाज करत घटाघट प्यायला. तसं पिताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला रडू आलं.

मॅडमनी इन्स्पेक्शन रिपोर्ट तिथेच बाकावर बसून लिहिला. रोवणा संपेपर्यंत सेंटरला एक आया मंजूर झाली. ग्रँट कुठून आली ते डॉक्टरसाहेबांनाही कळलं नाही.

आया म्हणून मी सोनाबाईलाच ठेवलं. तिची कंबर धरलीच होती, म्हणून तीही तयार झाली. आणि अफू चाटवलेलं पोर तिच्याइतकं झटकन गावात कोणी ओळखत नव्हतं. डोळ्याची पापणी वर करून बघायची आणि आईला दारातूनच परत पाठवायची. “चाटवलं ना तू? ने घरी. इथं जागती लेकरं घेतो आमी.”

धान कापणीला आलं तेव्हा कचरू रांगत होता आणि काट्यावर एक क्षण टिकत नव्हता.

पुढे नोकरीभर मी लेक्चरं दिलीच, सवय कुठली जाते! पण आधी आईच्या कडेवरचं पोर माझ्याकडे घ्यायचं आणि मग बोलायचं, असा नियम केला. त्याने बाईचे हात मोकळे होतात आणि आपलं लेक्चर फार लांबत नाही.