निंबा शिपायाचा जोडीदार

निंबा शिपाई बोलण्यावर नोकरी करायचा. बऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात दोन दुकानदार हातघाईवर आले, की हा मधे जाऊन उभा राहायचा. एकाशी सासुरवाडीकडून नातं काढायचा, दुसऱ्याला त्याच्या वारलेल्या बापाचा चांगुलपणा ऐकवायचा, आणि भांडण कशावरून निघालं तेच दोघं विसरायचे. काखेतली काठी खाली घ्यायची पाळी त्याच्यावर क्वचितच आली. तापीकाठच्या शेतकऱ्याच्या घरचा तो धाकटा. जमीन थोरल्यांकडे राहिली आणि हा उंचापुरा होता म्हणून पोलिसात लागला. बायको जसोंडीची, मनकर्णा. तिच्या पाठचा भाऊ लोटू लहानपणीच बापाला मुकला, तेव्हापासून लोटूला बापाच्या जागी निंबाच होता.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने मांडली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. भोपाळ कोणत्या दिशेला हे निंबाला ठाऊक नव्हतं, पण आता हुकूम तिथून यायला लागले. हुकमांपाठोपाठ माळव्यातून माणसंही आली. त्यातलाच एक भेरूसिंग.

भेरूसिंग होळकरांच्या पोलिसात नाईक होता. संस्थान विलीन झालं तेव्हा तो मध्य भारताचा झाला. मध्य भारतही नकाशावरून पुसला गेला तेव्हा त्याची बदली इकडे झाली. दोन्ही वेळा नोकरी राहिली, पण या शेवटच्या फेरीत त्याची नाइकी गेली आणि पन्नाशीला टेकलेला माणूस साधा शिपाई झाला. त्याबद्दल तो कधी अक्षर बोलला नाही. तो कशाबद्दलच फारसं बोलत नसे. पट्टा रोज घासायचा, कुणाच्या दुकानावरचं फुकटचं पान खायचा नाही, आणि कायदा म्हणजे कायदा.

ठाणेदाराने या दोघांची जोडी लावली ती अर्धी गंमत म्हणूनच. ठाण्यातले लोक विळ्या-भोपळ्याची जोडी म्हणून हसायचे. पहिल्याच आठवड्यात निंबाने समजूत घालून घरी पाठवलेल्या एका गाडीवानाला भेरूसिंगने वाटेतून परत आणून कोठडीत घातलं.

"अरे, मी त्याला सोडलं होतं," निंबा म्हणाला.

"तुम कौन होते हो छोड़नेवाले?" भेरूसिंगने शांतपणे विचारलं.

पावसाळ्यात निंबाला हिवतापाने धरलं. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची गस्त भेरूसिंगने आपल्या गस्तीसकट केली, आणि ठाण्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा, "कैसा है?" एवढं विचारायचा आणि वळायचा. शेवटी मनकर्णानेच त्याला आत बोलावलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ वाढली. माळव्यात त्याचं कुणी उरलं नव्हतं. बायको कॉलऱ्यात गेलेली. मान खाली घालून तो जेवला आणि उठताना म्हणाला, "बेन, बहुत दिन बाद घर का खाया."

तेव्हापासून तो तिला बेन, म्हणजे बहीणच, म्हणायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी तिच्या हातचं जेवायचा. निंबाला तो अजूनही अधूनमधून डोकेदुखी वाटायचा. पण तापीच्या राजघाटावर गर्दी आवरायची असली, की पाठीमागे भेरूसिंग आहे एवढ्याने त्याला बरं वाटायचं.

तिकडे लोटू बिघडला होता. खानदेशात मुंबई सरकारची दारूबंदी होती, आणि इकडची दारू तिकडे पोचवणाऱ्याला शेतीपेक्षा बरं सुटायचं. लोटू कापसाच्या गाडीत खाली दारूचे डबे ठेवून हद्दीपार जायचा. निंबाच्या कानावर ते होतं. त्याने लोटूला दोनदा समोर बसवून समजावलं, लोटूने दोनदा मान डोलावली, आणि निंबाला वाटलं, झालं. भेरूसिंगपाशी तो यातलं काही बोलला नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक दुपार अशी आली, की हद्दीपलीकडच्या नाक्यावर शिपायाने लोटूची गाडी अडवली आणि कापसात हात घातला. लोटूने गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून त्याच्या डोक्यात हाणली. शिपाई इस्पितळात वारला. लोटू गाडी-बैल तिथेच टाकून पळाला.

तो जसोंडीच्या शिवारात आहे हे मनकर्णाला माहेरच्या माणसाकडून कळलं. तिने ते नवऱ्याला सांगितलं, पण आधी कबूल करून घेतलं.

"तुम्हीच जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नका. जेलात बसला तरी चालेल, मला तो जिता पाहिजे."

"जिता आणतो," निंबा म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर आहे का तो?"

ठाणेदाराने ऐकून घेतलं आणि एकच अट घातली: भेरूसिंग बंदूक घेऊन बरोबर जाईल. वाटेत निंबाने त्याला सगळं सांगितलं. लोटू कोण, मनकर्णाने काय मागितलं, सगळं. भेरूसिंग चालता चालता थांबला.

"बेन का भाई है, तो पहले क्यों नहीं बोला?"

"बोललो असतो तर तू त्याला धरलं असतं."

"हाँ," भेरूसिंग म्हणाला. "आज जेल में होता. खून तो न करता."

निंबा पुढे चालायला लागला.

ऊन कलायला लागलं होतं. विहिरीजवळच्या खोपीपासून बऱ्याच अंतरावर, कापसाच्या ओळींत निंबाने जोडीदाराला थांबवलं. मी हाक मारतो, तो येईल, तू नुसता उभा राहा, असं सांगून तो काठीही न घेता पुढे गेला.

"लोटू, मी आहे. ये बाहेर भाऊ."

खोपीतून लोटू आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, कमरेला केळीच्या बागेतला कोयता. निंबाला एकट्याला पाहून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"दाजी, मला मारायचं नव्हतं त्याला."

"माहीत आहे. चल आता. तुझी बहीण वाट पाहते."

लोटू धावत आला आणि निंबाचे पाय धरायला एकदम खाली वाकला. तेवढ्यात बंदूक वाजली.

कापसाच्या झाडांवरून भेरूसिंगला काय दिसलं असेल ते निंबाला नंतर कितीदा तरी दिसलं: एका पोलिसाला ठार केलेला माणूस कोयत्यानिशी धावत येतो आणि जोडीदाराच्या पोटाकडे झेप घेतो. पण तेव्हा त्याला एवढंच कळलं, की लोटूचे हात त्याच्या पायांना लागले आणि सुटले. निंबा खाली बसला. लोटूने एकदा वर पाहिलं. भेरूसिंग धावत आला, कमरेला तसाच खोचलेला कोयता त्याने पाहिला आणि बंदूक जमिनीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ठाणेदाराने निंबाला खोलीत घेतलं. चौकशीला वरचा साहेब येणार होता. कोयता लोटूच्या हातात होता, त्याने तो उगारला होता, एवढं म्हटलं की प्रकरण मिटतं, ठाणेदार म्हणाला. "नहीं तो तुम्हारा जोड़ीदार अंदर जाएगा. तुम्हारे लिए ही तो चलाई उसने."

निंबाने विचार केला. गेलेला परत येत नाही, आणि भेरूसिंग राहिलेला आहे. त्याने आयुष्यभर अशीच भांडणं मिटवली होती. तो साहेबापुढे उभा राहिला आणि म्हणाला, कोयता हातात होता, उगारलेला होता.

त्याच्यानंतर भेरूसिंग आत गेला. दार उघडंच होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"कोयता कमर में था, साहब. हाथ खाली थे. मुझसे देखने में गलती हुई, गोली मैंने चलाई."

साहेबाने निंबाचं सांगणं त्याला वाचून दाखवलं.

"वो मुझे बचा रहा है," भेरूसिंग म्हणाला. "झूठ है वो."

भेरूसिंगला सजा झाली आणि तो खंडव्याच्या तुरुंगात गेला. निंबाला खोटी साक्ष दिली म्हणून नोकरीवरून काढलं. ठाणेदाराची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, त्याला कुणी काही विचारलं नाही. मनकर्णा जसोंडीला आईकडे, मालूबाईकडे, गेली ती म्हातारी जाईपर्यंत परतली नाही. परतली तेव्हा निंबा एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर राखणदार होता. बोलण्याची त्याची सवय सुटत चालली होती. ती स्वयंपाक करायची, वाढायची, आणि गरजेपुरतं बोलायची. तिचा राग जोडीदारावर आहे असं निंबा धरून चालला होता.

सजा भोगून भेरूसिंग एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. मिशी उतरलेली, अंगावर ढगळ सदरा. निंबा घाबरून मनकर्णाकडे पाहायला लागला. ती थोडा वेळ उंबऱ्याच्या आत थांबली, मग पाण्याचा तांब्या आणून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"बेन, माफी माँगने नहीं आया," तो म्हणाला. "माफी होती नहीं इसकी. मुँह दिखाने आया था."

"पाणी प्या," ती म्हणाली.

तो पाणी प्यायला, दोघांना हात जोडले आणि स्टेशनकडे निघाला. निंबा त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेला. "जा भीतर," भेरूसिंग एवढंच म्हणाला. पुढे त्याचं काय झालं, ते बऱ्हाणपुरात कुणाला कळलं नाही.

निंबा घरी आला तेव्हा मनकर्णा तांब्या घासत होती.

"त्याला पाणी दिलंस," तो म्हणाला. "बरं केलंस."

तिने वर पाहिलं नाही. "त्याने माझ्या भावाला मारलं, आणि चार लोकांत सांगितलं की पोराचे हात खाली होते. तुम्ही तर जवळ उभे होते. तुमचे पाय धरत होता तो."

आयुष्यात पहिल्यांदाच दोन बाजू जुळवणारा शब्द निंबाला सापडला नाही. पाळीची वेळ होत आली होती. त्याने डबा मागितला, तिने तो भरून दिला, आणि तो कारखान्याच्या फाटकाकडे निघाला.