झेंडा धरायला मुली हव्यात

माझी मुलगी रग्बी खेळते असं सांगितलं की आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांचे चेहरे कसे होतात, ते मला आता पाठ झालंय. आधी हसतात, मग गंभीर होतात, मग कोणीतरी काकू म्हणते, "अगं, पण नाकबीक मोडलं तर?" टेनिस चालतं, पोहणं चालतं, भरतनाट्यम तर चालतंच. टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये एवढं घर घेऊन, एवढ्या चांगल्या शाळेत घालून मुलीनं मंगळवारी संध्याकाळी चिखलात लोळावं, हे कुणाच्या डोक्यातच बसत नाही.

माझ्याही बसलं नव्हतं. शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर ती सिटीच्या पार्कवर गेली आणि गुडघे फोडून, पण खुशीत घरी आली. "आई, इट्स सो मच फन!" तिला सापडलं होतं ते रग्बी लीग. दोन्हीकडे तेरा-तेरा जणी, आणि बॉल घेऊन पळणाऱ्या टीमला सहाव्यांदा पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा. अमेरिकेत ज्यांना रग्बी माहीत असते त्यांनाही बहुतेक दुसरी, पंधरा जणांची माहीत असते. मी नागपूरला शाळेत कबड्डी खेळायचे, त्यामुळे कंबरेखाली मिठी मारून समोरच्याला आडवं कसं करायचं हे मला कळत होतं. थोड्याच दिवसांत मी खुर्ची टाकून बसणं सोडलं आणि पाण्याच्या बाटल्या भरायला लागले.

पार्कवरचा हा क्लब चालवायची ती बाई मूळची पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची. मुलं तिला आंटी म्हणायची. आईवडीलही आंटीच म्हणायचे, मीसुद्धा, खरं तर ती माझ्याच वयाची. दिवसा ती एअरपोर्टवर काम करायची आणि तिथून थेट पार्कवर यायची. गोलपोस्ट प्लास्टिकच्या पाइपचे, जर्सी मोठ्या मुलींच्या लहानींना. आंटीचा एक नियम मात्र कधी वाकला नाही. डोक्याला लागलं की बाहेर. मग ती रडो, तिचे वडील ओरडोत, मॅच हातची जावो.

आमची कॅप्टन एकोणीस वर्षांची होती. नऊ वर्षांची असताना ती या क्लबात आली होती. सकाळी कम्युनिटी कॉलेज, दुपारी ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी, आणि संध्याकाळी आमच्या मुलींना पडायचं कसं ते शिकवणार. आधी पडायला शिका, पाडायचं नंतर, असं ती म्हणायची. माझ्या मुलीला ती म्हणजे देवच वाटायची.

एका मंगळवारी एक माणूस पार्कवर आला. मॅचेस भरवायचा त्याचा स्वतःचा धंदा होता. शर्टाच्या कॉलरला गॉगल अडकवलेला, दात फार पांढरे. जवळच्या एका स्टेडियममध्ये तो महिलांची इंटरनॅशनल मॅच ठेवणार होता, अमेरिका विरुद्ध बाहेरून येणारी एक टीम. त्याला आमचा क्लब हवा होता. दर दुसऱ्या वाक्यात तो 'ग्रासरूट्स' म्हणत होता. आमच्या मुली मोठ्या मॅचच्या आधी त्याच मैदानावर एक छोटी मॅच खेळतील, आणि कॅप्टनला अमेरिकेच्या टीममध्ये जागा मिळेल, असं तो म्हणाला. कॅप्टन तोंडावर हात ठेवून खालीच बसली. आंटीनं त्या संध्याकाळी मैदानाच्या रेषा दोनदा आखल्या.

मॅचच्या दिवशी टेक्सासचं ऊन नुसतं ओरबाडत होतं. आम्हाला दुपारीच बोलावलं होतं, कारण मुलींची मॅच आधी. आम्ही पोचलो तेव्हा मैदानाच्या मधोमध एक नवीकोरी गाडी उभी होती. स्पॉन्सरची. तिचं शूटिंग चाललं होतं. ते संपेना. मुली वॉर्मअप करून गार झाल्या, पुन्हा वॉर्मअप केलं. शेवटी हेडसेट लावलेली एक पोरगी धावत आली आणि म्हणाली, "तुमची मॅच आता बसत नाही. पण झेंडा धरायला मुली हव्यात. क्लबच्या जर्सीतच या, कॅमेऱ्यात छान दिसतं."

झेंडा अर्ध्या मैदानाएवढा होता. तो कडेनं ताणून धरून आमच्या मुली उन्हात उभ्या राहिल्या, कारण ज्यांच्यासाठी थांबायचं ते स्पॉन्सरचे पाहुणे अजून त्यांच्या तंबूत जेवत होते. सगळ्यात लहान मुलगी गरगरायला लागली तेव्हा मी बर्फ मागायला तंबूत गेले. आत पंखे, थंडगार हवा, भाजलेल्या मांसाचा वास. प्लेटा अर्ध्या खाऊन तशाच टाकलेल्या, सॉसवर माश्या. दारातल्या माणसानं माझ्या गळ्यातला पास पाहिला. "हे फक्त गेस्टसाठी आहे." त्याच्यामागे एक जण बर्फाची अख्खी पेटी गवतावर ओतून देत होता. मी त्या ओतलेल्या बर्फातले तुकडे ओंजळीत उचलले आणि तशीच बाहेर आले.

मॅच सुरू झाली. अमेरिकेच्या टीममधल्या बहुतेक मुली अमेरिकेत कधी राहिलेल्याच नव्हत्या. कुणाची आजी इथली, कुणाचे वडील इथले, एवढ्यावर त्या ऑस्ट्रेलियाहून आणि इंग्लंडहून खेळायला आल्या होत्या. नियमात बसतं ते, आणि मुली चांगल्या होत्या. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पोस्टरवर चेहरा आमच्या कॅप्टनचा होता आणि बेंचवर शेवटच्या जागेवर तीच बसली होती.

मॅच बरीच सरल्यावर तिला मैदानात उतरवलं. मी पाणी देणाऱ्यांत होते, म्हणून लाइनला अगदी लागून उभी होते. दोन-तीन वेळा ती बॉल घेऊन मस्त घुसली. आमच्या मुली किंचाळत होत्या. पुढच्या टॅकलमध्ये समोरच्या मुलीचा खांदा तिच्या जबड्यावर बसला. जो आवाज आला तो मी विसरलेले नाही.

ती उठली आणि चालत चालत समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पाणी घेऊन मी पोचले तेव्हा तिनं मला विचारलं, "आपण जिंकतोय का?" मी उत्तर दिलं. तिनं लगेच पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.

मी लाइनवर परत आले तेव्हा टीमची ट्रेनर कोचला सांगत होती, "हिला बाहेर घ्या." तो पांढऱ्या दातांचा माणूस आमच्यापासून हातभर अंतरावर होता. "पाच मिनिटं राहू दे. लाइव्ह चालू आहे. लोकल मुलगी आहे, लोक तिच्यासाठीच बघतायत." ट्रेनर चोवीस-पंचवीसची असेल. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोच दुसरीकडे बघत राहिला.

आंटी कुंपणावरून आत आली. धावली नाही, चालत आली, मॅच चालू असताना, सरळ मैदानाच्या मधून. रेफरीला शिट्टी मारावीच लागली. तिनं कॅप्टनचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि खांद्याला धरून तिला बाहेर चालवू लागली.

आणि लोकांनी हुर्यो उडवली. माइकवरचा निवेदक म्हणाला, "मॉमी आली वाटतं न्यायला!" सगळं स्टेडियम हसलं. मी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत आमच्या मराठी ग्रुपमधली, मला नाकाची भीती घालणाऱ्यांतली एक मैत्रीण नवऱ्याबरोबर बसली होती. आग्रह करून मीच बोलावलं होतं त्यांना. तीही हसत होती, हातात नाचोजचा ट्रे.

आम्ही माझ्या गाडीतून इमर्जन्सीला निघालो. आंटी मागे कॅप्टनला धरून, माझी मुलगी पुढे. हायवेवर कॅप्टनला उलटी झाली, सीटवर, आंटीच्या मांडीवर. ती रडत माफी मागायला लागली. आंटी तिच्या पाठीवरून हात फिरवत आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. माझी मुलगी टिश्यू मागे देत होती.

कन्कशन होतं, मेंदूला मार बसलेला. डॉक्टरांनी बरेच महिने खेळायचं नाही म्हणून सांगितलं. आयोजकांपैकी कुणी आलं नाही. आली ती अमेरिकेच्या टीममधली एक ऑस्ट्रेलियन मुलगी, मॅच संपल्या संपल्या टॅक्सी करून, अजून गवत लागलेल्या सॉक्समध्ये. कॅप्टनची बॅग आणि बूट घेऊन आली होती. वेटिंग रूममध्ये आंटीसमोर उभी राहून म्हणाली, "मी रेफरीला सांगायला हवं होतं. मला दिसलं होतं." मग माझ्या शेजारी बसली आणि आपल्या गावाबद्दल बोलत राहिली. तिथल्या ज्युनियर क्लबात तिची आई कँटीन चालवते, वडील गवत कापतात. "आमच्या क्लबात कुणी असं केलं असतं ना, तर माझ्या आईनं त्याला गेटबाहेर काढलं असतं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीनं फोन माझ्यासमोर धरला. त्या माणसाच्या कंपनीचा व्हिडिओ होता. झेंडा, आमच्या मुलींचे घामेजलेले चेहरे, आणि मग ती टॅकल. स्लो मोशनमध्ये, खाली संगीत. कॅप्टनचं डोकं मागे जातं तिथे ड्रमचा ठोका. कुणीतरी बसून तो ठोका बरोबर तिथे जुळवला होता, तीन-चार वेळा पाहून खात्री केली असेल. व्हिडिओ काढून टाका म्हणून कॅप्टननं स्वतः फोन केला, तर तो म्हणाला, "पण हीच क्लिप सगळ्यात जास्त चाललीय."

त्यानंतर त्यानं अकॅडमी काढली. खरे गोलपोस्ट, कोरी जर्सी, आणि जाहिरातीत आमच्या मुली. क्लबातली निम्मी मुलं तिकडे गेली. ज्यांच्या डोळ्यांदेखत ते सगळं झालं होतं, त्यांचीही गेली.

घरोघरून पदार्थ आणून केलेल्या दिवाळीच्या पॉटलकमध्ये त्या नाचोजवाल्या मैत्रिणीनं मला किचनमध्ये गाठलं.

"अगं, आम्हीपण घातलं धाकटीला रग्बीत. अकॅडमीत."

"तुला तर नाकाची काळजी होती ना?"

"ते ठीक आहे गं. ते इंटरनॅशनल एक्सपोजर देतात. कॉलेज ॲप्लिकेशनला किती वेगळं दिसतं! तुझीला का नाही हलवत? सगळे तिकडेच चाललेत यार."

"त्या दिवशी तू होतीस तिथे," मी म्हणाले. "तू पाहिलंस."

"हो, पण खेळ म्हटला की लागतंच," ती म्हणाली आणि माझ्या वाटीत श्रीखंड वाढायला लागली. मी वाटी तशीच ओट्यावर ठेवली. जेवण न करता आम्ही निघालो. नवरा गाडीत म्हणाला, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

मला मुलीला काढून घ्यायचं होतं. अकॅडमीतून नव्हे, तिथे ती नव्हतीच, या खेळातूनच. तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "अँड देन हू विल प्ले विथ द लिटिल वन्स?" मला राग आला तिचा. पण मंगळवारी गाडी काढली.

आता क्लबात इतकी थोडी मुलं आहेत की दोन टीम कराव्या तर मोठ्यांना उतरावं लागतं. कॅप्टन येते. डॉक्टरांनी तिला अजून कुणाच्या अंगाला भिडू दिलेलं नाही, म्हणून ती बाजूनं ओरडून शिकवते, आणि उजेड फार झाला की टोपी पुढे ओढते. तिच्या जागी लहान मुलींसमोर धडका झेलायचं गादीसारखं पॅड धरून मी उभी असते. त्या लांबून पळत येतात आणि धडकतात, आणि मी दर वेळी दोन पावलं मागे जाते.