लाइनीपलीकडचा नळ आणि अध्यक्षांचा अर्ज

विषय : रेल्वे लाइनीपलीकडील मोहल्ल्यास सार्वजनिक नळ मिळणेबाबत.
संदर्भ : १) पार्षद सुभद्राबाईंचा अर्ज. २) त्या अर्जाची स्मरणपत्रे. ३) त्या स्मरणपत्रांची आठवण करून देणारी स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी सविनय सादर की, मी नगरपालिकेत बाबू होतो. पालिकेच्या फायलींना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही. म्हणून नोकरी संपल्यावर फायली तिथेच राहिल्या आणि किस्से माझ्याबरोबर घरी आले. गावाचं नाव लिहीत नाही. पांढुर्ण्यात विचाराल तर लोक म्हणतील, ही सौंसरकडची गोष्ट आहे. सौंसरात विचाराल तर पांढुर्ण्याकडे बोट दाखवतील. दोघांचंही समाधान होऊ द्या.

काळ ऐंशी सालानंतरचा. आमची सभा चाले मराठीत, म्हणजे आमच्या वऱ्हाडी मराठीत, आणि गाव मध्य प्रदेशात, म्हणून कार्यवाही, म्हणजे सभेची नोंद, लिहावी लागे शुद्ध सरकारी हिंदीत. मधला माणूस मी.

वामनरावजी नावाचे एक पार्षद, म्हणजे नगरसेवक, होते. घरची कापसाची शेती, आवाज खणखणीत. पालिकेच्या प्रत्येक खर्चावर ते प्रश्न विचारत. एकदा टेबलावर हात आपटून ओरडले, "माह्या वार्डात दिवसभर लाइट जळते अन् रात्री अंधार! पालिका काय झोपा काढून राहिली काय?"

अध्यक्ष शांत माणूस. संत्र्याचे व्यापारी होते, सडका माल शांतपणे वेगळा काढायची सवय. ते म्हणाले, "वामनरावजी, लाइट लागते का नाही, हे दिवसाच तपासता येते. रात्री अंधारात कसं तपासून पाहीन कोणी?"

यावर वामनरावजी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मी कार्यवाहीत लिहिलं, "माननीय सदस्य ने प्रकाश व्यवस्था की ओर सदन का ध्यान आकर्षित किया।"

पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं. वामनरावजी खुर्चीसकट माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बाबूजी, मी इतका सभ्य कधी झालो जी?"

डासांच्या फवारणीचाही खर्च असाच सभेत आला. वामनरावजींनी बाही वर करून हात दाखवला. "हे पाहा! फवारणी झाली म्हणता, मंग हे कोणाचे फोड आहेत?"

अध्यक्षांनी हात नीट निरखून पाहिला. म्हणाले, "जे मेले ते चावून नाही राहिले. हे चावून राहिले ते नवीन आहेत. त्यांची तरतूद पुढच्या वर्षी."

प्रस्ताव सर्वसंमतीने पास!

ही सर्वसंमती यायची कुठून, तेही सांगून टाकतो. आलुबोंड्यातून, म्हणजे तुमच्या बटाटेवड्यातून. खर्चाचा विषय जवळ आला की अध्यक्ष चष्मा काढून पुसत. तो दारातल्या गणपत चपराश्याला इशारा. गणपत गरम आलुबोंडे घेऊन आत येई. सगळ्यांच्या तोंडात घास गेला की अध्यक्ष भराभर प्रस्ताव वाचत आणि विचारत, "कोणाचा विरोध?" गरम आलुबोंडा तोंडात असताना विरोध करणारा पार्षद मी तरी पाहिला नाही. वामनरावजी फार तर डोळे मोठे करत. डोळ्यांची नोंद कार्यवाहीत होत नाही.

हा डाव एकाच जागी अडला. सुभद्राबाई लाइनीपलीकडच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या. महिला सदस्य हवी म्हणून त्यांना आणून बसवलं होतं. त्यांनी सही करावी, चहा प्यावा, एवढीच अपेक्षा होती. त्यांची खुर्ची शेवटची. चहाही शेवटी येई, आणि कप नेहमी कान तुटलेला. मी एकदा गणपतला कारण विचारलं. तो म्हणाला, "खुर्ची शेवटची आहे न बाबूजी." खुर्ची तिथे कोणी ठेवली, हे मी विचारलं नाही. ठेवणारा तोच होता.

सुभद्राबाई आपला आलुबोंडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकत आणि उभ्या राहत. "तुमचं खाणं चालू द्या. माह्या नळाचं काय झालं?"

नळाचं असं होतं. गाव, पालिका, स्टेशन, सगळं लाइनीच्या अलीकडे. पलीकडे फक्त त्यांचा मोहल्ला आणि एक विहीर, ती होळीनंतर कोरडी. मग बाया लाइन ओलांडून स्टेशनच्या नळावर यायच्या. मालगाडी उभी असली तर भरलेली घागर घेऊन डब्याखालून वाकून परत जायच्या. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर शिटी देई. कधी कधी विसरे.

पाइप लाइनीखालून न्यायचा तर रेल्वेची परवानगी पाहिजे. अर्ज गेला. महिन्यांनी उलट विचारणा आली : पाइप लाइनीखाली किती काळ राहणार? आम्ही कळवलं : कायम. उत्तर आलं : कायमच्या पाइपाचं काम दुसऱ्या ऑफिसकडे आहे, तिकडे नव्याने अर्ज करावा.

तेवढ्यात मार्च आला. मार्चमध्ये पालिकेला खर्च करावाच लागतो, नाही तर निधी परत जातो. अध्यक्षांनी लाइनीपलीकडे सिमेंटचा ओटा बांधला आणि त्यावर पितळी तोटी बसवली. नारळ फोडला. खाली पाइप नव्हता, पण नारळात पाणी होतं.

पुढच्या सभेत वामनरावजी उठले. "नळाले पाणी नाही, मंग खर्च कशाचा दाखवला?"

"नळाचा," अध्यक्ष म्हणाले. "पाण्याचा खर्च दाखवलाच नाही. पाहून घ्या."

वामनरावजींनी खरंच पाहून घेतलं. नव्हता दाखवला.

त्या उन्हाळ्यात एक दिवस सुभद्राबाई सभेला आल्या आणि त्यांनी टेबलावर एक घागर ठेवली. चेपून पार ताटासारखी झालेली. म्हणाल्या, "सून खालून निघाली अन् गाडी हलली. सून वाचली. घागर हे अशी."

आलुबोंडे आले होते, पण कोणी हात लावला नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाबूजी, नोंद घ्या."

मी लिहिलं, "सदन ने घागर का अवलोकन किया।"

रेल्वेला आणखी एक स्मरणपत्र गेलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात छिंदवाड्याहून जिल्ह्याचे मोठे साहेब पालिका तपासायला येणार होते. अध्यक्षांनी भिंतींना चुना मारला, सतरंजी अंथरली. सकाळी पालिकेच्या विहिरीवरची मोटर जळाली. गावात पाणी नाही, ऑफिसात पाणी नाही, माठ पालथा!

स्टेशनचा नळ रेल्वेचा, तो चालू होता; गणपतला घागर देऊन तिकडे पिटाळलं. तिथे लाइनीपलीकडच्या बायांची रांग, आणि रांग लावायला सुभद्राबाई. गणपत म्हणाला, "मले पुढे होऊ द्या बाई, पालिकेचं काम आहे."

"पालिकेचं काम?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मंग असं तोंडी होते काय? अर्ज आण."

गणपत रिकामी घागर घेऊन परत आला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिहा बाबूजी."

मी लिहिलं. विषय : एक घागर पाणी मिळणेबाबत. संदर्भ : आपला तोंडी निरोप. अध्यक्षांनी सही केली, मी शिक्का मारला, गणपत पळाला. सुभद्राबाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "ठीक आहे. जाय तू."

"अन् पाणी?"

"मोहल्ल्याच्या बैठकीत ठेवीन न हा विषय."

पार्षद जमले, सुभद्राबाईही येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या, आणि जीप आली. साहेब घामाने निथळत आत आले, खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "पहले पानी पिलाइए भाई."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सवयीने गणपत आलुबोंडे घेऊन आत आला.

"पानी!" साहेब म्हणाले.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "आवेदन दिया है।"

"आवेदन? किसको?"

शेवटच्या खुर्चीवरून सुभद्राबाई उभ्या राहिल्या. "मले देल्ला साहेब. मिळाला. विचाराधीन आहे."

मी कार्यवाहीचं पुस्तक उघडलं आणि काही न लिहिताच मिटलं.

लाइनीखालून पाइप नेण्याचा अर्ज मी रिटायर झालो त्या दिवशी रेल्वेकडे विचाराधीन होता. अध्यक्षांच्या अर्जावरही तोवर उत्तर आलेलं नव्हतं.